माझ्या स्वप्नातलं घर : एका शिल्पकाराच्या घरावरून घेतलेला पाठ

इयत्ता : चौथी (तिसरी आणि पाचवीलाही चालेल)
विषय : परिसर अभ्यास, मराठी, कला
वेळ : तीन तासिका
साहित्य : चिखल, लहान दगड-गोटे, काडेपेटीच्या लांबीचे थोडे चपटे दगड, दोन पाट, सुतळी, कोरे कागद, रंगखडू



‘माझ्या स्वप्नातलं घर’ असं फळ्यावर लिहून चित्र काढायला सांगितलं की पुढं काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. दहा मिनिटांत सगळ्या वह्यांत एकच घर उगवतं. त्रिकोणी छप्पर, लाल कौलं, दोन खिडक्या, मागं दोन डोंगर, डोंगरांच्या मधून सूर्य आणि बाजूनं वाहणारी नदी. मी लोहारा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्या गावात कौलारू घर एकही नाही. दारातून नदी वाहणं तर सोडाच, उन्हाळ्यात टँकर येतो. तरी चित्रात नदी दुथडी भरून वाहते!

मागच्या वर्षी मी चौथीतल्या एका मुलीला सहज विचारलं, “छान काढलंस गं. आता तुझं स्वतःचं घर काढून दाखव की.”

ती खाली बघून म्हणाली, “मॅडम, आमचं घर चित्रात काढण्यासारखं न्हाई.”

वर्ग हसला नाही. बाकीची लेकरंही गप्प झाली. बहुतेकांना तसंच वाटत असावं. नऊ वर्षांच्या लेकराला आपलं घर दाखवण्यासारखं वाटत नसेल, तर त्या घरातल्या माणसांचं काम, त्यांची भाषा, त्यांचे हात तरी त्याला दाखवण्यासारखे वाटतील का? हा प्रश्न मला घरी जाईपर्यंत सोडेना. त्यातून हा पाठ तयार झाला. जसा घेतला तसा तुमच्यापुढं ठेवते.

पहिली तासिका : सासवण्याचं घर

लेकरांना मी आधी गोष्ट सांगितली. गोष्ट खरी आहे आणि त्यातलं घर मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी डी.एड.च्या मैत्रिणींबरोबर मुंबईला गेले होते. गेटवे ऑफ इंडियावरून लाँचनं मांडव्याला उतरलो आणि तिथून रिक्षानं सासवणे या गावी गेलो. रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात, समुद्राच्या काठाला हे गाव आहे. मला समुद्र बघायची घाई होती. मैत्रीण म्हणाली, “आधी एक घर बघू.” मी मनात म्हटलं, घर बघायला एवढ्या लांब कोण येतं?

झाडीतलं ते घर राजवाडा नाही. पण आवारात शिरले आणि म्हैस दिसली. क्षणभर खरीच वाटली. ते शिल्प होतं. पुढं माणसं भेटत गेली, तीही शिल्पंच. कुणी कष्टकरी, कुणी कोळीण, कुणी घरातलं, कुणी शेजारचं. वाटलं, आपण एखाद्या नांदत्या घरात भर दुपारी आलोय आणि माणसं बोलता बोलता आपल्याकडं बघून थांबलीत. मी समुद्र विसरले. त्या घराच्या प्रेमात पडले म्हणा ना.

हे घर शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं. त्यांना नानासाहेब करमरकर म्हणत. त्यांचा जन्म १८९१ साली याच सासवण्यात झाला. लहानपणापासून त्यांना चित्राचा नाद. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी ते पाहिलं. हे पोरगं कोण म्हणून चौकशी केली आणि त्यांच्या मदतीनं हा खेड्यातला मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेला.

इथं आमच्या वर्गात एकानं हात वर केला. “मॅडम, मी भितीवर चित्र काढलं तवा मला तर मार बसला!” सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, “तुझं चित्र बघायला अजून कलेक्टर आले नाहीत, म्हणून.”

पुढं करमरकर कलकत्त्याला गेले, लंडनला जाऊन शिकून आले आणि मोठे शिल्पकार झाले. पुण्यात शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवाजी महाराजांचा घोड्यावर बसलेला भव्य ब्राँझचा पुतळा आहे, तो त्यांनी घडवला. साल १९२८. त्यांना पद्मश्री मिळाली. १९६७ साली ते गेले. त्यांचं सासवण्याचं घर आज शिल्पांचं संग्रहालय आहे आणि कुणीही जाऊन बघू शकतं.

आता लेकरांना विचारायचा खरा प्रश्न. ज्या माणसानं महाराजांचा एवढा मोठा पुतळा केला, राजे-महाराजे आणि पुढारी ज्याच्याकडून आपले पुतळे करून घेत, त्यानं स्वतःचं घर कुणाच्या शिल्पांनी भरलं? कोळणीच्या, कष्टकऱ्यांच्या, म्हशीच्या. रोज जे दिसत होतं, त्याच्या.

“म्हणजे आमच्या म्हशीचा बी पुतळा व्हतंय?” मागून आवाज आला. होतो की! एखादी गोष्ट घडवण्यासारखी आहे की नाही, ते आपण तिच्याकडं किती वेळ बघितलं यावर ठरतं. हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि लेकरांनी वहीत उतरवून घेतलं.

*तोंडी प्रश्न :* १) करमरकरांचं पहिलं चित्र कुणी ओळखलं? २) तुमच्या घरी कुणाचं शिल्प करावंसं वाटेल? तेच का?

दुसरी तासिका : आपली घरं आणि १९९३

सासवण्याच्या शिल्पांजवळ उभी असताना मला जाणवलं की मला तिथं माणसाचा हात दिसतोय. मातीवर अंगठा कुठं दाबला असेल, बोट कुठून फिरलं असेल, ते दिसतंय. आणि मला आमच्या आजीची भिंत आठवली. शेणामातीनं सारवलेल्या त्या भिंतीवर तिच्या पंजाचे अर्धगोल उमटलेले असायचे, एकाशेजारी एक, ओळीनं. ती भिंत आता नाही. का नाही, ते आमच्या भागातल्या लेकरांना सांगावंच लागतं.

आपल्याकडच्या जुन्या घरांचे शब्द लेकरांना आता ठाऊक नाहीत. ते आधी फळ्यावर घ्या : ढाळज, ओसरी, देवळी, कोनाडा, बळद, तुळई, खण, माळवद. देवळी म्हणजे भिंतीत दिवा ठेवायची जागा. बळद म्हणजे धान्य साठवायची बंद खोली. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. घर केवढं आहे ते किती खणांचं यावर सांगत. माळवद म्हणजे लाकडाच्या छतावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात बाहेर डांबर वितळत असलं तरी माळवदाखाली गार वाटायचं. दगड गावातला, माती गावातली, लाकूड आसपासचं, हात आपले. ही घरं म्हणजे हातानंच घडवलेली घरं.

पण हीच घरं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास पडली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं रात्री उशिरा झोपलेली. किल्लारीच्या त्या भूकंपात लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. आपल्याकडं उमरगा आणि लोहारा भागात, सास्तूरसारख्या गावांत फार मोठी हानी झाली. मी तेव्हा चार वर्षांची होते. मला एवढंच आठवतं की त्यानंतर बरेच दिवस आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो आणि पाऊस आला की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही.

मग घर वाईट होतं का? हा प्रश्न वर्गात येतोच. उत्तर देण्याआधी एक प्रयोग करा.

*प्रयोग : दोन भिंती*

१) दोन पाट घ्या. पहिल्या पाटावर गोल गोट्यांची आणि चिखलाची वीतभर उंच भिंत बांधा. भिंतीच्या आतल्या बाजूला एक रांग, बाहेरच्या बाजूला एक रांग आणि मधे चिखल-खडे, अशी.

२) दुसऱ्या पाटावर तशीच भिंत बांधा, पण दर दोन थरांनंतर एक लांब चपटा दगड असा आडवा घाला की तो आतल्या रांगेपासून बाहेरच्या रांगेपर्यंत पोचेल. याला जोडदगड म्हणायचं. वरच्या बाजूला भिंतीभोवती सुतळी घट्ट गुंडाळा. हा झाला पट्टा.

३) भिंती एक दिवस वाळू द्या. दुसऱ्या दिवशी दोन्हींवर सारख्याच वजनाची माती भरलेली पिशवी ठेवा. हे झालं माळवद.

४) दोन्ही पाट सारख्याच जोरानं हलवा.

आमच्या वर्गात पहिल्या भिंतीच्या दोन रांगा एकमेकींपासून सुटून फुगल्या आणि पिशवी खाली आली. दुसऱ्या भिंतीला भेगा गेल्या, पण ती उभी राहिली. लेकरांना न सांगता कळलं. १९९३ ला हेच झालं होतं. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड होत्या, पण त्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजू एकमेकींना धरून नव्हत्या. चिखलाला पकड नव्हती आणि डोक्यावर मातीचं ओझं होतं. भूकंपानंतर इंजिनिअर लोकांनी उभ्या राहिलेल्या जुन्या घरांसाठी सांगितलेले उपायही हेच : भिंतीत जोडदगड घाला, भिंतींना चारी बाजूंनी पट्टा बांधा, माळवदावरची माती कमी करा.

म्हणून मी वर्गाला सांगितलं, हातानं घडवलेल्या घरावर प्रेम करायचं आणि त्याची भिंत कशी उभी आहे तेही विचारायचं. आजीच्या हातांचा दोष नव्हता. त्या हातांना एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

*शिक्षकांसाठी सूचना :* आपल्या भागात हा विषय घेताना जपून घ्या. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरातल्या लेकराला “तुझ्या घरी काय झालं” असं वर्गासमोर विचारू नका. सांगावंसं वाटलं तर ते आपणहून सांगतं. प्रयोगातली भिंत पडल्यावर टाळ्या वाजवू देऊ नका. ही एक लहानशी गोष्ट आहे, पण पाळा.

तिसरी तासिका : सिमेंटलाही हात लागतो

भूकंपानंतर आपल्याकडं पुनर्वसनाची नवी गावं झाली. सरळ रस्ते, सारख्या आकाराची सिमेंटची घरं. ती घरं सुरक्षित आहेत, त्यात कुणी लहान मानू नये. पण आमच्या लेकरांना चित्रात काढण्यासारखी वाटत नाहीत ती हीच घरं. “समदी सारखीच हायेत मॅडम, कुणाचं कोणतं ते कळत न्हाई,” असं त्यांचं म्हणणं.

इथं पुन्हा करमरकर मदतीला आले. त्यांनी ब्राँझमध्ये काम केलं, संगमरवरात केलं आणि सिमेंटमध्येही केलं. हो, सिमेंटमध्ये! ज्या सिमेंटला आपण रूक्ष म्हणतो, त्यातून त्यांनी माणसांच्या गालावरचं हसू काढलं.

हे कसं होतं ते लेकरांना गणपतीच्या उदाहरणावरून सांगा. आधी ओल्या मातीत मूर्ती घडवतात. मग तिच्यावर प्लास्टर ओतून साचा घेतात. साचा वाळला की सोडवून, आतली माती काढून, त्या पोकळीत सिमेंट भरतात आणि मजबुतीसाठी लोखंडी सळई घालतात. सिमेंट घट्ट झालं की साचा फोडून काढतात. सिमेंट स्वस्त असतं आणि पावसात टिकतं, म्हणून अंगणातल्या शिल्पाला ते चालतं. पण मातीवर जे बोट फिरलं होतं, त्याची खूण सिमेंटवर तशीच राहते. म्हणजे वस्तू मातीची आहे की सिमेंटची यानं फरक पडत नाही. हात लागला की नाही, यानं पडतो.

याला जोडून मी एका पोस्टमनची गोष्ट सांगितली. फ्रान्समधल्या ओतरीव्ह गावचे फर्दिनां शव्हाल पायी फिरून टपाल वाटायचे. १८७९ साली वाटेत एका दगडाला त्यांची ठेच लागली. दगडाचा आकार इतका सुंदर होता की त्यांनी तो खिशात घातला. दुसऱ्या दिवशी आणखी दगड उचलले. पुढं पुढं ते एकचाकी ढकलगाडी घेऊन दगड गोळा करायला लागले. दिवसा टपाल आणि रात्री दिव्याच्या उजेडात बांधकाम. बांधकाम त्यांनी तेहतीस वर्षं केलं आणि दगड, चुना, सिमेंट वापरून एकट्यानं आपल्या स्वप्नातला महाल उभा केला. गवंडीकाम ते कुठं शिकले नव्हते. गावातली माणसं त्यांना वेडं म्हणायची. आज तो महाल फ्रान्सचं संरक्षित स्मारक आहे.

“मॅडम, मग शव्हालची टपालं येळेवर जायची का?” असा एक प्रश्न आला. मला आवडला. उत्तर : नोकरी त्यांनी सोडली नव्हती!

*घरचा अभ्यास : हाताची खूण शोधा*

घरी जाऊन अशी एक गोष्ट शोधायची जी घरातल्या कुणीतरी स्वतःच्या हातानं केली आहे किंवा जपली आहे. विकत आणलेली चालणार नाही. ती कुणी केली, कधी केली, कशानं केली, हे त्या माणसाला विचारून तीन-चार ओळी लिहायच्या आणि मग आपल्या घराचं चित्र काढायचं. त्या चित्रात ती गोष्ट दिसलीच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी जे आलं, ते तीस वह्यांत तीस तऱ्हेचं होतं. गोधडी, जिच्यात आजोबांच्या धोतराचा तुकडा होता. बाजेची वीण. ओल्या सिमेंटच्या पायरीवर उमटलेला कोंबडीचा पाय आणि शेजारी लहानपणीच्या काकाचा पंजा. आईनं पत्र्याच्या डब्यात लावलेली तुळस. वडिलांनी जुन्या टायरचा केलेला झोपाळा.

आणि ती मुलगी. तिनं चौकोनी सिमेंटचं घर काढलं होतं, जसं आहे तसं. पण दाराची चौकट तपकिरी, जाड, वर नक्षी आणि मधोमध गणपती. तिनं लिहिलं होतं, “आमच्या घराची चौकट जुनी आहे. भूकंपात घर पडलं तेव्हा आजीनं ती मातीतून काढून घेतली. नवीन घर मिळालं तेव्हा आजी म्हणाली हीच लावा. ती दाराला मोठी होती म्हणून आजोबांनी खालून कापली. कापलेलं लाकूड आजीनं अजून ठेवलंय.”

मी वाचताना थांबले. लाकडाचा तो तुकडा अजून ठेवलाय, हे मी त्या आठवड्यात स्वतः जाऊन पाहिलं. म्हातारीनं मला चहा दिला आणि चौकटीवरून हात फिरवत म्हणाली, “बाई, भिती गेल्या, माणसं गेली. उंबरा तेवढा संगं आला.” मला काही बोलता आलं नाही. सासवण्याला जसं वाटलं होतं, तसंच तिथं वाटलं. मी त्या मुलीला एवढंच म्हटलं, “तुझं घर काढण्यासारखं आहे.” ती म्हणाली, “व्हय, काढलंय की!”

मूल्यमापन

१) माळवद, देवळी, बळद, ढाळज यांपैकी कोणत्याही दोन शब्दांचा अर्थ तुमच्या भाषेत सांगा.
२) जोडदगड नसलेली भिंत का पडते? चित्र काढून दाखवा.
३) मातीच्या मूर्तीपासून सिमेंटचं शिल्प कसं होतं? पायऱ्या क्रमानं लिहा.
४) करमरकर आणि शव्हाल यांच्यात तुम्हाला काय सारखं वाटलं? काय वेगळं वाटलं?
५) तुमच्या घरातली एक जागा तुम्हाला स्वतःच्या हातानं सुंदर करायची आहे. कोणती, कशी? बाजारातून काही न आणता सांगा.

पाचव्या प्रश्नाला बरोबर-चूक गुण देऊ नका. नुसतं वाचा आणि शक्य असेल तर ते करायला लावा.

सहल किंवा क्षेत्रभेट

सासवणे आपल्याला लांब पडतं, पण कोल्हापूरच्या सहलीत राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय दाखवता येईल. चित्रपट अभिनेते आणि चित्रकार असलेल्या मांडरे यांनी आपला ‘निसर्ग’ हा राहता बंगला चित्रांसह सरकारला दिला, तिथंच हे संग्रहालय आहे. एवढंही जमत नसेल तर आपल्याच जिल्ह्यातल्या तेरला जा. तिथल्या संग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट जपून ठेवलेली आहे. ती बघून आलेलं लेकरू आपल्या गल्लीतली चौकट वेगळ्या डोळ्यांनी बघतं.

आणि काहीच जमलं नाही तर वर्गाला घेऊन गावातून एक चक्कर मारा. एखाद्या घरासमोर थांबा आणि विचारा, “हे कुणी केलं?” घरातलं कुणीतरी बाहेर येतंच. बाकीचा पाठ मग तेच घेतात, आपण नुसतं बाजूला उभं राहायचं.